योग्यकर्त्याचा क्रातोन पाहायचा तर

क्रातोन म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरातला सुलतानांचा राजवाडा. सोमवारी तो पर्यटकांसाठी बंद असतो. बाकी दिवशी सकाळी नऊच्या आत पोचा, कारण दुपारी दोन-अडीचला सगळं आवरतं. मालिओबोरो या बाजाराच्या रस्त्याकडून चालत येताना वाटेत कुणीतरी गोड बोलून सांगतं, "आज राजवाडा बंद आहे, त्यापेक्षा बाटिकचं (मेण लावून रंगवलेल्या नक्षीदार कापडाचं) प्रदर्शन बघा." त्याचं कमिशन त्या दुकानात असतं. फाटकापर्यंत जाऊन स्वतः खात्री करा.

खरा घोळ होतो तो दारांचा. उत्तरेच्या मैदानासमोरचं पागेलारान म्हणजे फक्त दर्शनी सभामंडप. तेवढंच बघून अनेक जण राजवाडा झाला असं समजून परततात. आतल्या वाड्यासाठी रोतोविजायान रस्त्याने केबेनच्या झाडांच्या चौकात या.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोपी आत काढायची. बाटिक घालणार असाल तर नक्षी तपासा. तिरप्या, लाटांसारख्या पट्ट्यांची 'पारांग' नक्षी राजघराण्याची मानली जाते, ती घालून आत जाऊ नये. इथे सुलतान हामेंगकुबुवोनो दहावे आजही राहतात, म्हणून हे नियम मनापासून पाळावेत.

पहिल्या चौकात श्रीमांगांती मंडपात बहुतेक दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गामेलान (पारंपरिक वाद्यवृंद), नृत्य किंवा वायांग (बाहुल्यांचा खेळ) असतं. त्या दिवशी काय आहे ते तिकीट घेतानाच विचारा आणि पंधरा मिनिटं आधी जागा धरा. हा कार्यक्रम चुकवू नका, निम्मा राजवाडा इथेच कळतो.

पुढे दोनोप्रातोपो दरवाजा. दोन्ही बाजूंना गदाधारी, रुपेरी द्वारपाल आहेत, बटबटीत डोळ्यांचे. आपल्या देवळांतल्या द्वारपालांशी त्यांचं नातं लगेच लक्षात येतं. आतल्या वाळूच्या अंगणातून बांग्साल केंचाना हा मुख्य मंडप दिसतो. त्यावर चढता येत नाही, पण कडेने उभं राहून खांबांवरची सोनेरी नक्षी निवांत पाहा. अनवाणी वावरणारे आब्दी दालेम हे सुलतानांचे सेवक. विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. संग्रहालयाच्या काही दालनांत कॅमेरा चालत नाही, तिथली पाटी वाचा.

वेळ उरला तर पंधरा मिनिटं चालून तामान सारी या सुलतानांच्या जुन्या जलउद्यानात जा, तिकीट वेगळं लागतं. जमिनीखालच्या सुमुर गुमुलिंग मशिदीत मधोमध जिने एकत्र येतात. तिथे फोटोसाठी रांग लागते, तेव्हा आधी तीच गाठा आणि स्नानकुंडं नंतर पाहा. गारेबेग या इस्लामी सणांना निघणाऱ्या राजवाड्याच्या मिरवणुकीचे दिवस वर्षातून तीनदा येतात. गर्दी प्रचंड असते आणि आतले चौक पर्यटकांना नेहमीसारखे मिळत नाहीत, म्हणून वाडा पाहायला दुसरा दिवस ठेवा.