देवनागरी पानाची मांडणी शिकताना या चुका टाळा

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना दिला जाणारा एक स्वाध्याय ओळखीचा आहे. एखादा ललित लेख घ्यायचा, त्याच्या मथळ्याची अक्षरे अर्थ बोलतील अशी घडवायची आणि लेख दिवाळी अंकाच्या समोरासमोरच्या दोन पानांवर मांडायचा. अशी पाने तपासताना मला दिसणारे बहुतेक दोष एकाच ठिकाणाहून आलेले असतात. विद्यार्थी मांडणी शिकतो ती रोमन अक्षरांच्या नमुन्यांवरून आणि नंतर त्याच साच्यात मराठी मजकूर ओततो. रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते, तर देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. हा फरक मान्य केला नाही, तर तो पानावर जागोजागी उघडा पडतो.

मथळ्याचे चित्र करणे

लेखाचे शीर्षक 'मुसळधार' असेल, तर दहापैकी सात जण अक्षरांवर निळे थेंब काढतात आणि एखादा उत्साही विद्यार्थी शेवटच्या 'र'वर छत्रीही उघडतो. यात अक्षर काहीच बोलत नाही, बोलते ते त्यावर चिकटवलेले चित्र. त्याऐवजी शब्द कागदावर मोठा लिहून त्याच्या अंगात काय आहे ते आधी पाहावे. 'मुसळधार'मध्ये चार उभे दंड आहेत: म, स आणि ध यांचे तीन आणि काना. 'ळ' व 'र' यांना दंड नाहीत. हे दंड पानाच्या तळापर्यंत खाली ओढले की एकही थेंब न काढता धारा दिसू लागतात. मात्र येथेच दुसरी चूक दबा धरून बसलेली असते. 'मु'चा उकार म च्या दंडाच्या टोकाला लागलेला असल्यामुळे तो दंड लांबवला की उकार पानाच्या तळाशी जाऊन पडतो आणि वाचणारा 'मसळधार' वाचतो. म्हणून पहिला दंड आहे तिथेच ठेवावा आणि उरलेले तीनच सोडावेत. पहिले अक्षर शांत राहिल्याने पुढची सर अधिक जोरदार वाटते, हा त्यातला फायदा.

आधुनिक दिसावे म्हणून शिरोरेषा सरसकट पुसून टाकण्याचा मोहही सध्या फार आहे. ध आणि घ, भ आणि म या जोड्या ओळखताना आपला डोळा वरच्या डाव्या बाजूची गाठ आणि तिथे तुटलेली शिरोरेषा या दोन खुणांवर विसंबतो. शिरोरेषा गेली की फक्त गाठ उरते, आणि ती बारीक असेल तर पावसाची 'मुसळघार' होऊन आकाशात घिरट्या घालू लागते. रेषा काढायचीच असेल, तर ध आणि भ यांच्या गाठी हाताने मोठ्या कराव्यात आणि तो शब्द विषय ठाऊक नसलेल्या माणसाला वाचायला द्यावा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी केलेली शीर्षके या दृष्टीने समोर ठेवून अभ्यासावीत. त्यांत कितीही मोकळेपणा घेतला असला, तरी शब्द वाचायला अडखळावे लागत नाही.

अक्षरांत अंतर टाकणे

इंग्रजी मासिकांतील मोठ्या अक्षरांचे विरळ मथळे पाहून मराठी मथळ्याचे ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, वाढवले जाते आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. वाचणाऱ्याला एका शब्दाऐवजी सुटी अक्षरे दिसतात. रुंदी हवी असल्यास रुंद घडणीचा फॉन्ट निवडावा किंवा अक्षरांचे आउटलाइन करून (टंकलेल्या अक्षरांचे रेखाकृतीत रूपांतर करून) मधली रेषा स्वतः जोडावी. मथळ्याला बाह्यरेषा दिली की शिरोरेषेवर दर अक्षराच्या सांध्यात जी उभी रेघ उमटते, तिचे कारण शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात हे आहे. इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी आउटलाइन करून मग पाथफाइंडरमधील युनाइट ही आकार एकत्र जोडणारी आज्ञा वापरली की ती रेघ जाते. तत्पूर्वी मजकूर बदलता येईल अशी एक प्रत जपून ठेवावी, कारण शुद्धलेखनाची चूक नेहमी आउटलाइन केल्यानंतरच सापडते.

तिरप्या अक्षरांबद्दल फार सांगायला नको. देवनागरीला रोमनसारखी इटॅलिकची परंपरा नाही, आणि सॉफ्टवेअरने ढकलून तिरपी केलेली अक्षरे पडायला आल्यासारखी दिसतात. वेगळेपण वजनाने, आकाराने किंवा दुसऱ्या फॉन्टने दाखवावे.

मजकुराचे दोष आणि त्यांची कारणे

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतल्यावर 'किल्ला'ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसली किंवा जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली अक्षरे दिसली, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कम्पोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारी त्यातलीच सोय) निवडावा आणि ती निवड परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच नोंदवावी, म्हणजे दर पानावर तीच दुरुस्ती करावी लागत नाही. लेखकाने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पाठवला असेल, तर तो आधी रूपांतरित करून मूळ प्रतीशी ताडून पाहावा. विशेषतः 'दऱ्या'चे 'दर्या' झाले आहे का, ते पाहावे, कारण अर्धा ऱ आणि रफार यांत संगणकाचा गोंधळ झाला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो.

ओळींमधील अंतर ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. सॉफ्टवेअर आपोआप अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर देते, म्हणजे १० पॉइंटला १२. रोमनला ते चालते. मराठीत वरच्या ओळीत 'शत्रू' आणि बरोबर त्याखाली 'मूर्तींना' आले, की वरचा दीर्घ उकार खालच्या रफार, वेलांटी आणि अनुस्वार यांच्यात जाऊन अडकतो. फॉन्टनुसार १४ ते १५ पॉइंट अंतर ठेवून पाहावे आणि याच दोन शब्दांची एकाखाली एक चाचणी घ्यावी.

अरुंद कॉलम दोन्ही कडांना समान करणे हीदेखील हट्टाने केली जाणारी चूक आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्यामुळे 'महानगरपालिकेच्या', 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' असे लांब शब्द सतत येतात. ते पुढच्या ओळीत ढकलले गेले की मागे मोठी भगदाडे उरतात. कॉलम रुंद करावा, नाहीतर उजवी कड मोकळी सोडावी.

लेखाच्या आरंभी तीन ओळींचे मोठे अक्षर घेताना 'प्रत्येक'मधील 'प्र' आणि 'किल्ला'मधील 'कि' हे एकच अक्षर समजावे, वेलांटी मागे सोडू नये. त्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला आणि तळ तिसऱ्या ओळीच्या तळाला जुळवावा. सॉफ्टवेअर हे क्वचितच अचूक करते, डोळ्याने सरकवावे लागते.

ल आणि श यांची रूपेही तपासावीत. मराठीत हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि गाठीचा श न वापरता पाकळीचा ल आणि देठाचा श वापरतात, आणि २००९ च्या शासननिर्णयातही हीच रूपे स्वीकारली आहेत. अनेक फॉन्टमध्ये ती दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली तरच बाहेर येतात. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे.

छपाईला देण्यापूर्वी लहान मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून झालेल्या काळ्यात नाही, केवळ काळ्या शाईत आहे याची खात्री करावी. रंगांच्या प्लेट केसभर सरकल्या तरी अनुस्वारांना रंगीत सावल्या फुटतात. शेवटी पान पडद्यावर मोठे करून न पाहता मूळ आकारात छापावे, भिंतीवर लावावे आणि चार पावले मागे जाऊन मथळा वाचावा.