खानदेशच्या उन्हाळ्यात घरी वाइन कशी सांभाळायची

नाशिक आपल्याला जवळच, येता-जाता दोन-चार बाटल्या घरी येतात, कोणी गिफ्ट पण देतं, आणि मग त्या ठेवल्या जातात कुठे तर हॉलमधल्या शोकेसमध्ये नाहीतर फ्रिजच्या वर. या दोन्ही जागा आधी बाद करा. शोकेसमध्ये उजेड लागतो, पारदर्शक काचेतली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, तर उजेडाने सगळ्यात लवकर बिघडते, आणि फ्रिजच्या वर गरमी पण असते आणि थरथर पण. माळाही नको, वरच स्लॅब तापलेला असतो.

वाइनला 12 ते 14 अंश मानवतं. रावेर-यावलकडच्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, केळी लांब पाठवताना थंड कंटेनरमध्ये साधारण 13-14 अंशच ठेवतात. आता मे महिन्यातलं भुसावळ डोळ्यासमोर आणा, बाहेर 45 आणि घरात पंखा लावूनही 35 च्या वर. एवढ्या गरमीत वाइन बाटलीतच शिजते, फळाचा ताजा वास जातो, रंग विटकरी पडत जातो, आतला द्रव फुगून कॉर्क वर सरकतो आणि मानेजवळ चिकट ओघळ येतो. नंतर कितीही थंड केली तरी ती सुधरत नाही. शिवाय दिवसा तापणं, कूलर लावला की निवणं, हा चढउतार रोज चालू राहिला तर कॉर्कमधून हवा आत जायला लागते.

म्हणून माझं स्पष्ट मत, आपल्याकडे वाइनचा साठा करायचाच नाही. मार्च ते जून तर महिनाभरात संपेल तेवढीच आणा. नाशिककडची शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्यॉं ब्लाँ या व्हाइट वाइन आणि रोझे या तशाही वर्ष-दोन वर्षांत प्यायच्याच असतात, ठेवून त्या काही भारी होत नाहीत. घेताना लेबलवरचं साल बघा, आणि दुकानात बाटली उन्हात मांडलेली असेल तर घेऊच नका भो.

घरात सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे फ्रिजचा भाजीचा कप्पा. दारात नको, दार उघडझाप झालं की हलते आणि तापते. फ्रिज 4 अंशांच्या आसपास असतो म्हणजे गरजेपेक्षा थंड, पण 40 पेक्षा 4 कधीही बरं. फक्त फ्रिजची हवा कोरडी असते, कॉर्कची बाटली महिनोनमहिने तिथे राहिली तर कॉर्क सुकतो, एक-दोन महिने चालतं. कॉर्कवाली आडवी ठेवायची म्हणजे कॉर्क ओला राहतो, आट्यांचं झाकण असेल तर उभी-आडवी कशीही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून कॉर्क बाहेर येतो नाहीतर बाटली तडकते.

वाइन चिलर घ्यायचा विचार असेल तर कंप्रेसरवालाच घ्या. छोटे, बिनआवाजाचे, कंप्रेसर नसलेले थर्मोइलेक्ट्रिक चिलर खोलीपेक्षा साधारण 10-15 अंशच खाली जाऊ शकतात, म्हणजे 38 अंशांच्या खोलीत ते 23-28 वरच अडकणार, वर लाइट गेली की तेही नाही.

फ्रिजमध्ये जागाच नसेल तर तळमजल्यावरची आतली खोली बघा, जिच्या भिंतीला पश्चिमेचं ऊन लागत नाही. गावाकडे अजून धाब्याचं घर असेल तर जाड मातीच्या भिंतींमुळे तिथे सिमेंटच्या घरापेक्षा नक्कीच बरं. बाटल्या पेपरात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात घालून तिथे ठेवा, डब्याने गारवा येत नाही पण दिवस-रात्रीचा चढउतार कमी होतो. हा हिवाळ्याचा उपाय आहे, मे महिन्याचा नाही.

नाशिकहून आणताना बाटल्या डिक्कीत टाकू नका, एसी चालू असेल तिथे सीटखाली ठेवा, आणि मालेगावला जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा.

फोडलेली बाटली, रेड असो की व्हाइट, झाकण लावून फ्रिजमध्येच, आणि उभी. तीन-चार दिवसांत संपवा, स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची वाइन एक-दोन दिवसांत. अर्धीच उरली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा, हवा कमी लागली की जास्त टिकते. रेड रूम टेंपरेचरला प्यायची असं सांगतात ते 16-18 अंशांच्या खोलीचं, आपल्या उन्हाळ्यात ती फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांत ओतायची.