शाखेतून डेटाबेस उघडत नाही? सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी या चुका टाळा

काणकोण शाखेतून फोन येतो, 'सर्व्हर डाऊन आहे', आणि पणजीच्या मुख्य कार्यालयात कुणीतरी लगेच डेटाबेसचा सर्व्हर रीस्टार्ट करतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साखळी आणि म्हापशात काम सुरळीत चालू असेल, तर त्यांचे अर्धवट व्यवहार रोलबॅक होतात (म्हणजे रद्द होतात) आणि काणकोणचं दुखणं तसंच राहतं. म्हणून आधी एवढंच विचारा: दुसऱ्या शाखेत चालतंय का?

दुसरी चूक म्हणजे एररचा मजकूर न वाचणं. 'एरर येतेय' यावर समाधान मानू नका, स्क्रीनचा फोटो मागवा. कनेक्शन लगेच नाकारलं गेलं, तर बहुधा मशीनपर्यंत पोहोचता येतंय, पण त्या पोर्टवर (प्रोग्रामच्या ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) कुणी ऐकत नाही. डेटाबेसची सर्व्हिस बंद आहे का ते बघा. बराच वेळ थांबून टाइमआउट आला, तर पॅकेट वाटेत गडप होताहेत: फायरवॉल किंवा व्हीपीएन (शाखा आणि कार्यालय यांना जोडणारा खासगी मार्ग, म्हणजेच टनेल) तपासा. एसक्यूएल सर्व्हरची १८४५६ ही एरर लॉगिनची असते. नेटवर्क ठीक आहे, राउटरला हात लावू नका. एरर २६ आली तर नेम्ड इन्स्टन्स (सर्व्हरवर वेगळ्या नावाने बसवलेला एसक्यूएल सर्व्हर) सापडत नाही. बऱ्याचदा त्याचा पत्ता सांगणारा यूडीपी १४३४ हा पोर्ट अडलेला असतो. एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये 'आयपीऑल'खालचा डायनॅमिक पोर्ट पुसा, टीसीपी पोर्ट १४३३ घाला, सर्व्हिस रीस्टार्ट करा (कामाची वेळ संपल्यावर) आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (प्रोग्रामला सर्व्हर कुठे आहे ते सांगणाऱ्या ओळीत) सर्व्हरच्या पत्त्यानंतर स्वल्पविराम देऊन १४३३ लिहा. एसक्यूएल सर्व्हरच्या एक्स्प्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडणी) मुळातच बंद असतं, हे विसरू नका.

पिंगवर (मशीन उत्तर देतं का हे बघणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका. पिंग चालतं म्हणजे पोर्ट उघडा आहे असं नाही आणि पिंग अडवलेलं असूनही डेटाबेस चालू शकतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' चालवून थेट पोर्टच तपासा: एसक्यूएल सर्व्हरला १४३३, मायएसक्यूएलला ३३०६, पोस्टग्रेसला ५४३२. पोस्टग्रेस नवीन बसवलं असेल तर ते फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतं. 'लिसन अ‍ॅड्रेसेस' बदलावं लागतं आणि एचबीए फाइलमध्ये (कुणाला आत घ्यायचं त्या यादीत) शाखेचा सबनेट, म्हणजे तिथल्या आयपी पत्त्यांचा गट, घालावा लागतो. यातलं एकच केलं की माणूस तासभर डोकं खाजवतो.

लॉगिन होतं, छोटी यादी उघडते, पण महिनाअखेरचा मोठा रिपोर्ट लटकतो? एमटीयूवर, म्हणजे वाटेत मावणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटच्या आकारावर, संशय घ्या. इथरनेटचा एमटीयू १५०० बाइट, पीपीपीओईवर (काही ब्रॉडबँडच्या लॉगिन पद्धतीवर) १४९२, त्यात व्हीपीएनचं वेष्टन. मोठं पॅकेट मावत नाही आणि 'मोठं आहे' हा निरोप फायरवॉलच गिळते. पिंगमध्ये तुकडे न करण्याचा पर्याय लावून टनेलमधून आकार कमी करत चाचणी घ्या. जो सर्वात मोठा आकार जातो, त्यात २८ मिळवा. आलेला आकडा म्हणजे त्या वाटेचा एमटीयू. टनेलवर तोच किंवा थोडा कमी ठेवा, आणि राउटरवर एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) त्याहून ४० ने कमी. हे करायचं सोडून ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवणं म्हणजे पैसे पाण्यात.

मुख्य कार्यालयात आणि शाखेत दोन्हीकडे १९२.१६८.१.० हाच सबनेट असेल, तर व्हीपीएन जोडलेलं दिसेल पण सर्व्हर सापडणार नाही. शाखेचा बदला. आणि व्हीपीएन जमत नाही म्हणून १४३३ थेट इंटरनेटवर उघडू नका. पासवर्ड आजमावणारे बॉट तिथे फार काळ वाट पाहत नाहीत.

दुपारच्या जेवणानंतरची पहिलीच नोंद अडकत असेल, तर बहुधा रिकामं पडलेलं कनेक्शन नॅट राउटरने (अनेक मशीनना एकच सार्वजनिक आयपी वापरू देणाऱ्या राउटरने) सोडून दिलंय. वायरगार्ड हे व्हीपीएन असेल तर शाखेकडून 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा. फायबर तुटल्यावर ४जी डोंगलवर जाणाऱ्या शाखांना बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही. टनेल शाखेकडूनच सुरू व्हायला हवा, आणि पणजीच्या फायरवॉलवर शाखेचा जुना आयपी बांधून ठेवलेला नसावा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघा. काउंटरचे संगणक यूपीएसवर असतात, फायबरचा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडला जातो तो डबा) मात्र सरळ भिंतीतल्या प्लगवर. वीज क्षणभर गेली तरी तो रीबूट होतो, टनेल पडतो आणि शाखेत 'सर्व्हर गेला' अशी ओरड सुरू होते. ओएनटी, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर घ्या.