हौशी संगीत नाटकाला साथ करताना या चुका टाळा

कोल्हापुरातील हौशी संस्था संगीत नाटक बसवायला घेतात, तेव्हा बहुधा भजनी मंडळात, ऑर्केस्ट्रात किंवा गायनाच्या क्लासात वाजवणारी तरुण मुले साथीला येतात. त्यांचे हात तयार असतात, यात शंका नाही. परंतु रंगमंचावर गाणारा माणूस त्याच वेळी भूमिका करीत असतो, चालत असतो, समोरच्या पात्राला उत्तर देत असतो, आणि साथीदाराला त्याच्यामागून जायचे असते. सांगवड्याच्या गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक आणि संगीतकार ज्या भागाने दिला, तेथे हे अजून समजावून सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पहिली चूक पट्टीची, म्हणजे गाणारा ज्या सुराला आपला ‘सा’ मानतो त्या सुराची, आणि ती मी सर्वांत गंभीर मानतो. पेटीवरच्या ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर हा सा येतो, तिच्यावरून त्याला काळी एक, पांढरी एक अशी नावे पडतात. कीबोर्डवर सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारे ट्रान्स्पोजचे बटण असल्यामुळे नवी मुले सगळी पदे पांढरी एकच्या बोटांनी बसवतात आणि ज्याची जी पट्टी असेल तिकडे बटणाने सरकतात. एका स्पर्धेच्या प्रयोगात मी याचा परिणाम प्रेक्षागृहात बसून पाहिला. नायिका काळी तीनमध्ये गात होती आणि नायक काळी एकमध्ये. नायिकेचे पद संपले, टाळ्या पडल्या, लगेच नायकाचा प्रवेश झाला आणि कीबोर्डवादकाने बटण न बदलता सुरावट सुरू केली. नायकाने कानावर पडला तो षड्ज, म्हणजे सा, धरला. तबला काळी एकला लावलेला होता, आणि काळी तीनचा पंचम, म्हणजे प, काळी एकच असल्यामुळे तबलावादकालाही काही खटकले नाही. मुखडा कसाबसा निभावला, पण अंतऱ्यात तार षड्जावर जाताना त्या गुणी नटाचा आवाज चिरकला, पुढची ओळ त्याने खालच्या सप्तकात घेतली, आणि तेथे त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा पोहोचेना. पुढचा सबंध अंक तो बिचकत बोलत होता. दोष त्याचा नव्हता, आणि प्रेक्षकांनी मात्र तो त्याच्याच पदरात टाकला.

म्हणून माझा आग्रह असा, की बाराही पट्ट्यांत अलंकार, म्हणजे सरावाच्या ठराविक स्वररचना, वाजवण्याची मेहनत आधी करावी आणि मगच नाटकाला हात घालावा. ज्यांना पंधरा दिवसांत रंगमंचावर बसायचे असते त्यांना हे जाचक वाटते, पण त्यांची घाई नटाने का सोसावी? मी स्वतः संहितेत प्रत्येक पदाच्या डोक्यावर पट्टी लाल पेन्सिलीने लिहितो, आणि शेजारी कीबोर्ड असेल तर ट्रान्स्पोजच्या बटणावर कागदी चिकटपट्टी लावायला सांगतो. जुनी पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजणार असतील, तर दोन्हींचा सूर पहिल्याच तालमीत ताडून पाहावा. पेटी चढी किंवा उतरी निघाली, तर कीबोर्डचा सूर बारीक सरकवून तिच्याशी मिळवता येतो, पेटीचे तसे करता येत नाही.

तबल्याबाबत एक गोष्ट सहज विसरली जाते. वर सांगितल्याप्रमाणे काळी एकचा एकच तबला नायकाला षड्ज म्हणून आणि नायिकेला पंचम म्हणून चालतो; परंतु नायिकेचे पद मालकंसासारख्या पंचमवर्ज्य, म्हणजे पंचम न लागणाऱ्या, रागातले असेल, तर तोच तबला खुपू लागतो. अशा पदासाठी मध्यमाला, म्हणजे पांढरी सातला, लावलेला दुसरा तबला शेजारी ठेवावा. संवाद चालू असताना सूर लावण्यासाठी हातोडीने तबल्याचे गट्टे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, ठोकणे हा मात्र अक्षम्य प्रकार आहे. दिव्यांच्या उष्णतेने पुडी, म्हणजे तबल्यावरचे कातडे, ताणली जाऊन तबला चढतो, हे खरे. त्यासाठीच दोन अंकांमधला वेळ असतो.

दुसरी मोठी चूक ध्वनिमुद्रिका ऐकून पद बसवण्याची. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे तेथे पद आटोपशीर आणि अनेकदा जलद गायलेले असते. ती लय पाठ करून आलेला तबलावादक नटाला पुढे ढकलत राहतो. नट ओळ गाऊन थांबतो, समोरच्या पात्राकडे पाहतो, एखादे वाक्य बोलतो आणि मग पुन्हा मुखड्यावर येतो. त्या अवकाशात ठेका अगदी हलका ठेवून लय जिवंत राखणे आणि पेटीने केवळ षड्ज-पंचम धरून बसणे, एवढेच काम असते. त्याऐवजी तेथे तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेले बोल, आणि भरगच्च सुरावटी ऐकू येतात, आणि संवाद त्याखाली गाडला जातो. यावर माझा उपाय साधा आहे: नटाने बसून गायलेल्या तालमीला मी साथीची तालीम मानत नाही. तो उभा राहून, हालचालींसह, रंगमंचावरील वस्तू हातात घेऊन गाऊ लागला की त्याचा श्वास कोठे तुटतो ते कळते, आणि साथ त्या श्वासावर बसवायची असते.

पदाच्या आधीचे केवळ शेवटचे वाक्य खूण म्हणून लिहून ठेवू नये. हौशी नट नेमके तेच वाक्य गाळतो. त्याआधीची दोन वाक्ये आणि त्या वेळची हालचाल, उदाहरणार्थ तो पत्र घडी करतो की पाठ फिरवतो, तीही लिहावी. नांदीची लय विंगेतल्या धांदलीत ठरवू नये. पेटीच्या भात्याला चिकटून माइक ठेवू नये, कारण सुरांआधी भात्याची फुसफूस प्रेक्षकांपर्यंत जाते. संहितेवरच्या दिव्याचा उजेड नटांच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नये.

बसण्याच्या जागेबद्दल भीड धरू नये. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाल्यानंतर अनेक संस्थांवर इतर सभागृहांत प्रयोग करण्याची वेळ आली, आणि प्रत्येक ठिकाणी साथीदारांची जागा वेगळी निघते. कोणी विंगेत कोंबतात, कोणी मोठ्या स्पीकरच्या मागे बसवतात. नटाचा चेहरा दिसत नसेल, तर दिग्दर्शकाला स्पष्ट सांगून जागा बदलून घ्यावी, आणि ते पडदा उघडण्याच्या दिवशी नव्हे, तर रंगीत तालमीच्या वेळीच सांगावे. पावसाळ्यात प्रयोग असेल, तर वाद्ये तासभर आधी सभागृहात आणून उघडी ठेवावीत. दमट हवेत उतरलेला तबला आणि फुगून अडकलेली पेटीची बोटाने दाबायची पट्टी यांचा निकाल तिसऱ्या घंटेच्या आधीच लागलेला बरा.