मधुमेहावरच्या संशोधनात या चुका टाळा: आकडा मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच कुठे बिघडतो

अभ्यासातले आकडे जुळेनासे झाले की पहिला संशय मशीनवर जातो. कॅलिब्रेशन पुन्हा होतं, नवा रीएजंट उघडला जातो, सर्व्हिस इंजिनिअरला फोन जातो. वास्तविक कंट्रोल (ज्यांचं मूल्य आधीच माहीत आहे असे नमुने) रोज लागत असतील तर ग्लुकोज मोजणारा ऑटोअ‍ॅनालायझर क्वचितच दगा देतो. चूक बहुतेकदा त्याच्या अलीकडे झालेली असते, सुई शिरेत गेल्यापासून ट्यूब मशीनमध्ये बसेपर्यंतच्या वेळात. आणि ती सापडत नाही, कारण बिघडलेला आकडासुद्धा दिसायला अगदी शहाण्यासारखा असतो.

राखाडी टोपणाच्या भरवशावर राहणं

गावात सर्वेक्षण आहे. सकाळी साडेसातला समाजमंदिरात उपाशीपोटी रक्त घेतलं, राखाडी टोपणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये भरलं, स्टँडमध्ये उभं केलं. साठ जणांचं उरकून गाडी तालुक्याच्या लॅबला अकराला पोहोचली. 'फ्लोराइड आहे ना, मग काय होतंय' हा विचार इथे महागात पडतो.

रक्त ट्यूबमध्ये आलं तरी पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज जातं; उन्हाळ्यात किंवा पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर त्याहून जास्त. फ्लोराइड हे थांबवतं, पण लगेच नाही. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशी ग्लुकोज फोडतात त्या प्रक्रियेच्या, दहा पायऱ्यांपैकी ते एनोलेज हे एन्झाइम अडवतं, आणि एनोलेज येतं नवव्या पायरीवर. पहिल्या पायरीवरचं हेक्सोकायनेज पेशीतलं एटीपी (ऊर्जेचं इंधन) संपेपर्यंत ग्लुकोज आत ओढतच राहतं. म्हणून पहिले एक-दोन तास फ्लोराइडच्या ट्यूबमधली घट साध्या ट्यूबइतकीच असते. पूर्ण परिणाम दिसायला कधी कधी चार तास लागतात. सकाळी १३२ मिग्रॅ/डेलि असलेला माणूस लॅबमध्ये ११७ च्या आसपास निघतो. मधुमेहाची १२६ ची रेषा मध्येच आहे, त्यामुळे मधुमेही माणूस 'पूर्व-मधुमेह' या रकान्यात जाऊन बसतो. साठ जणांत असे चार निघाले तर त्या गावातलं मधुमेहाचं प्रमाणच बदललं.

उपाय दोन. पहिला म्हणजे ट्यूब भरल्या भरल्या बर्फ-पाण्यात उभी करायची आणि ३० मिनिटांच्या आत सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा (पेशींशिवायचा द्रव भाग) वेगळा काढायचा. बर्फ-पाणी म्हणजे चुरलेला बर्फ आणि पाणी एकत्र. नुसत्या बर्फाला किंवा गोठलेल्या जेल पॅकला काच चिकटली की रक्त गोठून हिमोलिसिस होतं, म्हणजे लाल पेशी फुटतात. दुसरा उपाय सायट्रेट बफर असलेली ट्यूब. सायट्रेट रक्त आम्लधर्मी करतं, त्यामुळे हेक्सोकायनेज आणि फॉस्फोफ्रक्टोकायनेज या वरच्या पायऱ्याच ताबडतोब मंदावतात. मात्र दाणेदार सायट्रेट नीट विरघळायला ट्यूब दहा वेळा हळूच उलटीसुलटी करावी लागते, आणि सायट्रेट द्रवरूपात असेल तर उत्पादकाने दिलेल्या सौम्यीकरणाच्या गुणकाने गुणावं लागतं. अभ्यासाच्या मधल्या टप्प्यावर फ्लोराइडवरून सायट्रेटवर उडी मात्र मारू नका. सायट्रेटचे आकडे वर येतात, आणि दुसऱ्या वर्षी 'साखर वाढली' असा निष्कर्ष निघतो.

सेंट्रिफ्यूजबद्दलही एक. प्रोटोकॉलमध्ये '३००० आरपीएम' (मिनिटाला फेरे) लिहून काही कळत नाही. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० आरपीएमला सुमारे १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतलं बल) मिळतात; कॅम्पला नेतात त्या छोट्या ८ सेंमीच्या रोटरवर जेमतेम ८००. जी मध्ये लिहा आणि प्रत्येक केंद्राने आपल्या रोटरचा आरपीएम काढून मशीनवर चिकटवावा.

फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये बहुधा पोटॅशियम ऑक्झलेट असतं. रक्त कमी पडलं म्हणून त्याच प्लाझ्मावर पोटॅशियम आणि कॅल्शियम उरकण्याचा मोह होतो. तो आवरा: ट्यूबमधलं पोटॅशियम आकडा फुगवतं आणि ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

ग्लुकोज पाजताना

ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याच्या चाचणीतलं ७५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे निर्जल ग्लुकोज. बाजारात मिळणारी पावडर बहुधा मोनोहायड्रेट (पाण्याचा रेणू धरलेली) असते, तिचे ८२.५ ग्रॅम घेतले तरच ७५ ग्रॅम ग्लुकोज होतं. डबा वाचा आणि वजनकाट्यावर मोजा. चमचे मोजू नका. २५० ते ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. दोन तास पहिल्या घोटापासून धरायचे. ग्लास रिकामा झाल्यापासून धरले की प्रत्येकाची वेळ वेगवेगळी पडते. मधल्या वेळात बसून राहायचं. चहा, तंबाखू, बिडी आणि 'जरा बाहेर जाऊन येतो' बंद. उलटी झाली तर ती चाचणी रद्द.

आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेलेली असावीत, नाहीतर ग्लुकोज पेलण्याची क्षमता तात्पुरती घटते आणि निरोगी माणूसही वरच्या रेषेला टेकतो. नवरात्रात किंवा श्रावणात तारखा ठरवताना नुसतं 'उपास आहे का' असं विचारून भागत नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या उपासात कर्बोदकं काही कमी पडत नाहीत. निर्जळी, एकभुक्त किंवा नुसत्या दुधावर असलेल्यांची तारीख पुढे ढकला.

एचबीए१सी: सगळ्यात सोयीची आणि सगळ्यात फसवी चाचणी

मागच्या काही महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी ही चाचणी. उपाशी राहायला नको, वेळेचं बंधन नाही, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या ट्यूबमधलं रक्त २ ते ८ अंशांवर आठवडाभर टिकतं. म्हणून प्रत्येक प्रबंधात ती असते. पण एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिन ए ला चिकटलेलं ग्लुकोज, आणि ते किती चिकटेल हे साखरेइतकंच लाल पेशी किती दिवस जगल्या यावरही ठरतं.

लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी खोटं वाढतं आणि लोह दिलं की उतरतं, साखर तीच असली तरीही. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय किती आहे ते लक्षात घेतलं तर हा मोठा सापळा आहे. समजा लोहभस्म असलेलं एखादं औषध तीन महिने दिलं आणि एचबीए१सी ७.४ वरून ७.० वर आलं. हे औषधाने साखर उतरवली म्हणून, की लोह भरून निघालं म्हणून? सुरुवातीला आणि शेवटी हिमोग्लोबिन, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) मोजलं नसेल तर याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. उलट बाजूला हिमोलिसिस, नुकताच झालेला रक्तस्राव, लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता एचबीए१सी खाली ओढतात. रक्त चढवलेलं असेल तर दात्याच्या पेशी मोजल्या जातात; तीन महिने थांबा.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, धुळे इथे काम करताना सिकलसेल विसरून चालत नाही. एसएस (दोन्ही जनुकं सिकलसेलची) असलेल्या माणसात हिमोग्लोबिन ए तयारच होत नाही. त्याच्या 'एचबीए१सी ४.१' ला काही अर्थ नाही. एएस वाहकात (एकच जनुक सिकलसेलचं) ए असतं, पण आकडा बरोबर येतो की नाही हे पद्धतीवर अवलंबून आहे. आपल्या मशीनच्या मॉडेलवर एस, सी, डी, ई या हिमोग्लोबिनच्या प्रकारांचा परिणाम होतो का, हे एनजीएसपीच्या (एचबीए१सी चाचण्या प्रमाणित करणारा कार्यक्रम) यादीत पाहून ते प्रोटोकॉलमध्ये नोंदवा. सिंधी कुटुंबांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक, पंजाबी कुटुंबांत हिमोग्लोबिन डी, बंगाल आणि ईशान्येकडच्या लोकांत हिमोग्लोबिन ई आढळतं. मुंबईच्या ओपीडीत हे सगळे एकाच सकाळी भेटतात.

एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पद्धत) वापरत असाल तर टक्केवारी छापून आली म्हणून कागद पुढे सरकवू नका. आलेख पाहा. ए१सीचं शिखर नीट सुटं, दोन्ही बाजूंनी पायथ्याला टेकलेलं दिसतं का? ए० च्या, म्हणजे साखर न चिकटलेल्या हिमोग्लोबिन ए च्या, मोठ्या डोंगराच्या पलीकडे आणखी एक उंच शिखर उभं आहे का? एकूण क्षेत्रफळ उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत आहे का? ४ च्या खाली किंवा १५ च्या वर आकडा आला, किंवा ग्लुकोजच्या नोंदींशी त्याचं अजिबात जमत नसेल, तर आलेख पाहिल्याशिवाय तो डेटाशीटमध्ये चढवायचा नाही. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) कामाला येतं. ते मागच्या दोन-तीन आठवड्यांचं बोलतं, पण लघवीतून प्रथिनं जात असतील तर तेही फसतं.

अभ्यासाची आखणी करताना दोन चुका नेहमी दिसतात. एक म्हणजे चार आठवड्यांचा प्रयोग आणि मोजमाप एचबीए१सीचं. आकड्यातला साधारण निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा, उरलेला त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांचा. चार आठवड्यांत चित्र अर्धंच उमटतं. किमान बारा आठवडे हवेत. दुसरी चूक म्हणजे एकाच तपासणीत ८ च्या वर आलेले रुग्ण निवडायचे आणि नियंत्रण गट ठेवायचा नाही. त्या दिवशी योगायोगाने वर गेलेले काही जण औषध न देताही पुढच्या वेळी खाली येणारच. ही घट औषधाच्या खात्यावर जमा होते.

एककंही सांभाळा. ६.५ टक्के म्हणजे ४८ मिलिमोल/मोल, ७ म्हणजे ५३. आणि 'पूर्व-मधुमेह' एडीएच्या (अमेरिकन डायबिटीस असोसिएशन) व्याख्येत उपाशी १०० पासून सुरू होतो, डब्ल्यूएचओच्या व्याख्येत ११० पासून. दोन अभ्यासांतली टक्केवारी शेजारी ठेवण्याआधी कुणी कुठली रेषा धरली आहे ते पाहा.

इन्सुलिन आणि होमा-आयआर

होमा-आयआर म्हणजे उपाशीपोटीच्या ग्लुकोज आणि इन्सुलिनवरून काढलेला इन्सुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्सुलिनला दाद न देण्याचा) आकडा. समजा ग्लुकोज १०० मिग्रॅ/डेलि, इन्सुलिन १० मायक्रोयुनिट/मिली. गुणाकाराला ४०५ ने भागलं की २.४७. ग्लुकोज मिलिमोलमध्ये असेल तरच २२.५ ने भागायचं. चुकून इथे २२.५ घेतलं तर ४४ येतात आणि चूक लगेच कळते. कळत नाही ती दुसरी: किटने इन्सुलिन पिकोमोल/लिटरमध्ये दिलेलं असतं आणि कुणी ते युनिट समजून टाकतं. आकडा सहापट फुगतो आणि 'तीव्र इन्सुलिन रेझिस्टन्स' म्हणून छापला जातो. १ मायक्रोयुनिट/मिली म्हणजे ६ पिकोमोल/लिटर. काही कागदपत्रांत ६.९४५ सापडतं, एका अभ्यासात एकच गुणक वापरा. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांवर होमा लावूच नका. तिथे सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवताना सुटणारा तुकडा) मोजा.

सॅम्पल लालसर दिसलं तर इन्सुलिनसाठी टाकून द्या. फुटलेल्या लाल पेशींतून इन्सुलिन तोडणारं एन्झाइम बाहेर येतं आणि आकडा पडतो. केसांच्या वाढीसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांची नोंद ठेवा. स्ट्रेप्टाव्हिडिन-बायोटिनवर चालणाऱ्या सँडविच चाचणीत (दोन अँटिबॉडींमध्ये पकडून मोजणारी) इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही खोटे कमी येतात.

मूत्रपिंड, पाय, डोळे

अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरासाठी सकाळची पहिली लघवी घ्या. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम, खूप चढलेली साखर, सगळे ते वाढवतात. एकाच सॅम्पलवर निदान नको. तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन वेळा ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर हवं. साठवायचं तर उणे ७० किंवा त्याखाली. उणे २० वर अल्ब्युमिन हळूहळू कमी होतं, साका खाली बसतो, आणि वितळल्यावर न ढवळता वरचं पाणी उचललं की आकडा आणखी घसरतो. एखाद्याच्या पायाला सूज आहे, लघवीला फेस आहे आणि अल्ब्युमिन नॉर्मल, असं दिसलं तर सॅम्पल सौम्य करून पुन्हा लावा. अँटिजेन (इथे अल्ब्युमिन) प्रमाणाबाहेर असलं की इम्युनोटर्बिडिमेट्रीत (अँटिबॉडीमुळे येणारा गढूळपणा मोजणारी पद्धत) आकडा उलटा खाली येतो.

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) एकाच दिवशी शंभर पायांना टेकवला तर तो थकतो, लवकर वाकतो, आणि पायाला दहा ग्रॅमपेक्षा कमी दाब मिळतो. मग चांगल्या पायांनाही संवेदना नाही अशी नोंद होते. दहा रुग्णांनंतर त्याला २४ तास विश्रांती द्या. कॅम्पला चार-पाच न्या. भोवरी, घट्टा किंवा जखमेवर टेकवू नका.

डोळ्यांच्या फोटोंत धूसर फोटो 'रेटिनोपॅथी नाही' (डोळ्याच्या पडद्याला इजा नाही) या रकान्यात टाकणं ही सर्रास दिसणारी चूक. मोतीबिंदूमुळे फोटो धूसर येतो, आणि मोतीबिंदू मधुमेह जुना असलेल्यांतच जास्त. 'वाचता येत नाही' हा रकाना वेगळा ठेवा.

उंदरांवरचं काम

उंदरांना मधुमेही करण्यासाठी टोचायचं स्ट्रेप्टोझोटोसिन उणे २० वर, कोरडं आणि अंधारात ठेवायचं. थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५ ला विरघळवलं की काही मिनिटांत टोचायचं. सकाळी बनवून दुपारपर्यंत वापरलं तर शेवटच्या पिंजऱ्यातले उंदीर मधुमेही होत नाहीत, आणि दोष प्रजातीला दिला जातो. दोन-दोन, तीन-तीन उंदरांपुरतं वजन करून ताजं बनवा. विस्टार नराला एकदाच ५० ते ६५ मिग्रॅ/किलो हा नेहमीचा डोस. माद्या जास्त तग धरतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी फुटताना साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, म्हणून पहिल्या रात्री पाण्याऐवजी १० टक्के सुक्रोज ठेवा, नाहीतर सकाळी साखर उतरून मेलेले उंदीर सापडतात. ७२ तासांनी साखर तपासा. हे औषध मूत्रपिंडालाही थेट इजा करतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांतलं मूत्रपिंडाचं नुकसान 'मधुमेही नेफ्रोपॅथी' म्हणून दाखवू नका.

शेपटीतून थेंब घेऊन ग्लुकोमीटर लावला की बऱ्याच मीटरवर ६०० च्या पुढे नुसतं 'हाय' येतं. वहीत मग ६०० लिहिलं जातं, आणि उपचार न केलेल्या गटात सहा उंदरांपैकी चौघांचा आकडा ६०० होतो, प्रमाण विचलन जवळजवळ नाहीसं होतं. त्या वेळी थोडा प्लाझ्मा काढा, सलाइनने चारपट सौम्य करा, लॅबच्या मशीनवर लावा आणि उत्तराला चारने गुणा.