एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचे वर्ग भरण्याआधी

प्रवेश पक्का झाला की वर्ग भरेपर्यंत थोडे दिवस मोकळे मिळतात. पुढच्या सेमिस्टरचं जाडजूड पुस्तक आधीच संपवायच्या मागे लागू नका, टी.वाय.च्या वह्या काढा. रेप्लिकेशन, ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन कोऱ्या कागदावर, न बघता, आकृत्यांसह मांडता आलं पाहिजे. एमएस्सीला हे येतंच असं धरून शिकवतात.

मग लॅक ओपेरॉन (लॅक्टोज वापरण्यासाठीच्या, एकत्र चालू-बंद होणाऱ्या जीन्सचा बॅक्टेरियातला गट) घ्या आणि त्याला भरपूर वेळ द्या. जेकब आणि मोनो यांनी 1961 मध्ये मांडलेलं हे मॉडेल बहुतेकांना पाठ असतं, पण इथे प्रश्न फिरवून येतो. ओपेरॉन बंद ठेवणाऱ्या रिप्रेसरचं जीन निकामी झालेल्या पेशीत एफ-प्लास्मिडवरून (क्रोमोसोमबाहेरच्या वेगळ्या डीएनएवरून) त्याची चांगली प्रत घातली तर? रिप्रेसर हे प्रथिन, ते पेशीभर फिरतं, म्हणून क्रोमोसोमवरचा ओपेरॉनसुद्धा पुन्हा ताब्यात येतो. बिघाड ऑपरेटरमध्ये असेल तर मात्र दुसरी चांगली प्रत घालून उपयोग नाही, कारण ऑपरेटर हा रिप्रेसर जिथे बसतो तो डीएनएचाच तुकडा आणि त्याचा अंमल फक्त शेजारच्या जीन्सवर. अशा जोड्या स्वतः रचा. आयपीटीजी (ओपेरॉन चालू करणारं रसायन) असताना आणि नसताना बीटा-गॅलॅक्टोसिडेज (लॅक्टोज तोडणारं एन्झाइम) बनेल का, याचा तक्ता भरा. म्युटंटवरून यंत्रणा ओळखणं हाच या विषयाचा गाभा आहे, असं माझं ठाम मत आहे. एफटीएसझेड (FtsZ) या बॅक्टेरियातल्या प्रथिनाचा तापमान-संवेदी म्युटंट 42 अंशांना वाढत राहतो पण विभागत नाही, पेशी लांबच लांब होते. त्यावरून ते प्रथिन काय काम करतं हे तुम्हाला सांगता यायला हवं. सीएसआयआर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या पार्ट सीमध्येही याच वळणाचे प्रश्न येतात.

गाजलेले प्रयोगही निष्कर्षापुरते वाचू नका. डीएनएची प्रत कशी बनते हे तपासणाऱ्या मेसेलसन आणि स्टाल यांच्या 1958 च्या प्रयोगात पहिल्या पिढीनंतर जड आणि हलक्या डीएनएच्या मधला एकच पट्टा दिसला, तेव्हा कोणती शक्यता बाद झाली? दुसऱ्या पिढीत दोन पट्टे आले, तेव्हा कोणती? हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढा.

गणिताकडे दुर्लक्ष नको. दहाचा उणे सहावा घात इतक्या डायल्युशनचं 0.1 मिली प्लेटवर पसरलं आणि 150 कॉलनी आल्या, तर मूळ कल्चरमध्ये दर मिलीला 1.5 अब्ज पेशी. हा हिशेब बोटांवर यायला हवा. मोलॅरिटीचाही तसाच.

हाताची तयारी घरून थोडीच होते, पण ट्रान्सफॉर्मेशनची (बॅक्टेरियात बाहेरून प्लास्मिड घालण्याची) पद्धत कारणांसकट माहीत असू द्या. कॅल्शियम क्लोराइडमधल्या पेशी नाजूक असतात, म्हणून त्या बर्फावर ठेवायच्या आणि जोरात हलवायच्या नाहीत. मग 42 अंशांचा थोडा वेळ झटका, लगेच परत बर्फ, आणि अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरण्याआधी साध्या माध्यमात तासभर वाढ, म्हणजे रेझिस्टन्सचं प्रथिन तयार व्हायला सवड मिळते. प्लास्मिड न घातलेल्या पेशींची प्लेट लावायला विसरू नका. तिच्यावर कॉलनी आल्या तर बाकी प्लेट्सवरच्या कॉलनींवर विश्वास ठेवता येत नाही.

ब्लास्टवर (सिक्वेन्स जुळवून बघायच्या ऑनलाइन साधनावर) एखादा सिक्वेन्स शोधून बघा. सुती अॅप्रन, बंद बूट, पक्क्या शाईचा मार्कर आणि इथिडियम ब्रोमाइड या डीएनए रंगवणाऱ्या घातक रसायनासाठी नायट्राइल ग्लोव्ह्ज घेऊन ठेवा. जर्नल मात्र त्याच दिवशी, प्रॅक्टिकल संपताच लिहायचं.