एसकेएस रायफलीतील सुटी फायरिंग पिन: तपासणी, सफाई आणि पहिली चाचणी

सिमोनोव्ह यांनी 1945 मध्ये आखलेली आणि 1949 पासून तुला येथील कारखान्यात तयार होऊ लागलेली एसकेएस ही अर्धस्वयंचलित रायफल जुन्या लष्करी साठ्यांतून अमेरिकेसारख्या देशांत मोठ्या संख्येने खासगी मालकांच्या हाती आली आहे. कोठारात वर्षानुवर्षे गंज चढू नये म्हणून अशा रायफलींना कॉस्मोलीन नावाचे घट्ट, मेणचट ग्रीस चोपडलेले असते. नवा मालक बाहेरचे ग्रीस पुसतो, दस्ता चकचकीत करतो. काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणाऱ्या बोल्टच्या आत, काडतुसावर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या भोकात साचून वाळलेले ग्रीस मात्र तसेच राहते, आणि या रायफलीचा सर्वांत मोठा धोका तिथेच असतो.

चाप ओढल्यावर हॅमर, म्हणजे रायफलीतली हातोडी, पिनच्या मागच्या टोकावर आदळतो, पिन पुढे जाते आणि तिचे टोक काडतुसाच्या बुडातील प्रायमरवर, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या टोपीवर, बसते. एसकेएसच्या सुरुवातीच्या सोव्हिएत रायफलींत पिनला मागे ओढून धरणारी स्प्रिंग होती. पुढे ती काढून टाकण्यात आली आणि पिन बोल्टमध्ये सुटी राहिली. त्यामुळे दरवेळी बोल्ट पुढे येऊन थांबतो तेव्हा पिन स्वतःच्या वेगाने थोडी पुढे सरकते व प्रायमरला हलकासा स्पर्श करते. पिन हलकी, प्रायमर कठीण आणि भोक स्वच्छ असेल तर त्यातून काही घडत नाही. ग्रीस, काजळी किंवा धातूच्या बारीक कुसामुळे पिन टोक बाहेर काढून अडकली, तर मात्र बोल्ट बंद होतानाच, चापाला बोट न लावता, गोळी सुटते. यालाच स्लॅमफायर म्हणतात. पिन अडकलेलीच राहिली तर एकामागून एक गोळ्या सुटू शकतात, आणि बोल्ट पूर्ण कुलूपबंद होण्याआधी प्रायमर पेटला तर काडतूस फाटून रायफलीची व नेमबाजाचीही हानी होते.

सुटी पिन हा मुळात दोष नाही. एम1 गॅरंड या अमेरिकी रायफलीतही ती सुटीच असते, पण बोल्ट फिरून बंद होईपर्यंत पिनची शेपटी रिसीव्हरमधल्या (बोल्ट ज्यात मागेपुढे होतो त्या सांगाड्यातल्या) पुलाला अडून मागे राहते. एम16 या अमेरिकी लष्करी रायफलीच्या बाबतीत 1963 मध्ये चाप न ओढता गोळी सुटण्याचा प्रश्न पुढे आला तेव्हा पिनचे वजन कमी करण्यात आले, कारण वेग तोच असताना वस्तुमान घटले की प्रायमरवर पडणारी ऊर्जाही घटते. भारतीय सैन्यात व पोलिसांत अनेक मराठी जवानांनी खांद्यावर वागवलेल्या 7.62 मिमी एसएलआरमध्ये पिनला परतीची स्प्रिंग असते. त्या रायफलीवर हात बसलेल्या माणसाने एसकेएस हाताळताना ती सवय बाजूला ठेवावी. आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. एसकेएसचा सेफ्टी कॅच फक्त चाप अडवतो; पिनवर त्याचा काहीही ताबा नसतो. सेफ्टी लावली आहे म्हणून बोल्ट निर्धास्तपणे सोडणे हा स्वतःची फसवणूक करण्याचा प्रकार आहे.

तपासणीआधी रायफल रिकामी करावी. नळी सुरक्षित दिशेला धरून मॅगझिन खालून उघडावे, काडतुसे काढावीत, बोल्ट मागे घेऊन चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. काडतुसे त्या टेबलावर ठेवूच नयेत. मग रिसीव्हरच्या उजव्या बाजूची खीळ वर फिरवून बाहेर ओढावी, झाकण व रिकॉइल स्प्रिंग काढावी आणि बोल्ट कॅरियरसह बोल्ट बाहेर घ्यावा.

आता फक्त बोल्ट हातात धरून कानाजवळ हलवावा. पिन खुळखुळली पाहिजे. पुढचा भाग खाली करून धरल्यावर पिन पुढे सरकावी. तो वर केल्यावर ती आपल्याच वजनाने मागे जावी आणि टोक बोल्टच्या तोंडात पूर्ण शिरावे. पिन मागून बोटाने दाबून टोक बाहेर आणावे, बोल्ट उलटा करावा, आणि पिन दरवेळी न अडखळता परतते का हे अनेकदा पाहावे. एकदाही ती रेंगाळली, तर ती रायफल गोळी भरण्याच्या लायकीची नाही असे माझे मत आहे. “बहुतेक वेळा परतते” हे उत्तर इथे चालत नाही.

सफाईसाठी बोल्टच्या मागच्या भागातील आडवी रोखपिन पंचने हलकेच ठोकून काढावी लागते. ती जागची हलत नसेल तर जोर न लावता बोल्ट गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्यावा. फायरिंग पिन निघाल्यावर ती आणि बोल्ट दोन्ही मिनरल स्पिरिटमध्ये (रंग पातळ करण्याच्या द्रावणात) भिजवावेत, किंवा उकळत्या पाण्यात बुडवून कॉस्मोलीन वितळू द्यावे व लगेच पूर्ण कोरडे करावेत. भोकातून बारीक ब्रश फिरवावा आणि पांढरे फडके स्वच्छ बाहेर येईपर्यंत थांबू नये. पिनचे टोक भिंगाखाली पाहावे: ते गुळगुळीत व गोलसर असावे. फुटलेल्या प्रायमरमधून निसटलेला गरम वायू टोकावर खड्डे पाडतो, आणि असे खरबरीत टोक पुढचा प्रायमरही भोसकते. तशी पिन घासून सुधारत बसू नये, बदलावी. भोकात तेल घालण्याचा मोहही टाळावा, कारण तेलावर काजळी चिकटते आणि थंडीत ते घट्ट होते. हा भाग कोरडाच ठेवावा.

जोडणी करताना पिनची दिशा काटेकोरपणे पाहावी. बऱ्याच एसकेएसमधील पिनचा छेद त्रिकोणी असतो आणि ती उलटी बसली तर पुढेच अडकून राहू शकते. त्यामुळे सुटे करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते. रोखपिन बसवल्यावर खुळखुळण्याची तीच चाचणी पुन्हा घ्यावी. सफाईपूर्वी घेतलेली चाचणी आता गृहीत धरता येत नाही.

पहिली चाचणी घरात कधीही करू नये. रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे ठेवून, डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षक लावून मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे आणि बोट चापापासून दूर ठेवून बोल्ट सोडावा. गोळी सुटली नाही तर काडतूस बाहेर काढून प्रायमर पाहावा. अगदी पुसटशी खूण सुट्या पिनच्या रायफलीत नेहमीची असते. खोल खड्डा दिसला तर तिथेच थांबावे. तपासलेले काडतूस पुनःपुन्हा चेंबरमध्ये चढवू नये. त्यानंतर एक गोळी झाडावी, मग दोन भरून पाहावे, आणि ते सुरळीत झाल्यावरच मॅगझिनमध्ये पूर्ण 10 काडतुसे भरावीत. घरी भरलेली काडतुसे वापरत असाल तर प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा वर आलेला नाही हे प्रत्येकाच्या बुडावरून बोट फिरवून पाहावे, आणि मऊ प्रायमरऐवजी लष्करी दर्जाचे कठीण प्रायमर निवडावेत.

चाप न ओढता गोळी सुटलीच तर रायफल खाली न ठेवता नळी बांधाकडेच रोखून धरावी. उरलेली काडतुसे बोल्ट मागेपुढे करून काढू नयेत, कारण त्यात प्रत्येक काडतूस त्याच पिनसमोर चेंबरमध्ये चढते. मॅगझिन खालून उघडून ती काढावीत, मग बोल्ट मागे घेऊन चेंबर रिकामे करावे आणि रायफल बोल्ट उघडा ठेवून गनस्मिथकडे न्यावी.